बडोदा: गाडीतून नुसतं बघून पुढे जाऊ नका

शिवडीकर

मुंबई सेंट्रलहून गुजरातकडे सुटणारी जवळजवळ प्रत्येक मोठी गाडी बडोद्याला थांबते. आपण मुंबईकर तिथे चहा घेतो, नाहीतर झोपेत असतो. मराठ्यांच्या राजधान्या म्हटलं की रायगड, सातारा, कोल्हापूर. फार तर ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर. बडोद्याचं नाव निघालंच तर राजवाड्यापुरतं. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा काढतोय.

आपल्या पश्चिम रेल्वेचं जुनं नाव आठवा: बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, जुन्या लोकांची बीबीसीआय. चर्चगेट स्टेशनासमोरची ती १८९९ची देखणी इमारत त्याच कंपनीचं मुख्यालय. बडोदा संस्थान १ मे १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६०ला गुजरातेत गेलं. म्हणजे अकरा वर्षं बडोदेकरांची राजधानी मुंबईच होती. आणि ज्या राजामुळे बडोदा बडोदा झालं, ते सयाजीराव तिसरे, त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही मुंबईत, ६ फेब्रुवारी १९३९ला.

इतिहास थोडक्यात. गायकवाडांचं पहिलं ठाणं बडोदा नव्हे, सोनगड. सुरतेच्या पूर्वेला, आज तापी जिल्ह्यात येतो तो किल्ला. पिलाजीराव गायकवाडांनी तिथून गुजरातेत पाय रोवले. १७३२ साली डाकोरला मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी त्यांचा दगा करून खून केला. दोन वर्षांत पिलाजींचे भाऊ महादजी यांनी बडोदं परत घेतलं, ते पुन्हा गायकवाडांच्या हातून गेलं नाही. दमाजीरावांच्या काळात काही दिवस पाटणला गादी होती, मग कायमची बडोद्यात आली. त्याआधीचं गावही लहान नव्हतं. विश्वामित्रीच्या काठचं अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. तिथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. दांतेश्वरला 'हजिरा' नावाची कबर आहे, अकबराचा सरदार कुतुबुद्दीन मुहम्मद खान याची, १५८६च्या सुमाराची. जुन्या शहराला चार दरवाजे: लहेरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी. चारी वाटा मधोमध मांडवीला मिळतात.

आता राजवाडा. लक्ष्मी विलासबद्दलच्या प्रत्येक व्हिडिओत 'बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट' हे एकच वाक्य ऐकू येतं, आणि त्यापुढे कोणी काही बोलत नाही. मला तो राजवाडा वेगळ्या कारणासाठी आवडतो. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्याचाच, त्यामुळे कोल्हापूर पाहिलेल्याला इथे लगेच ओळख पटते. मँट १८८१मध्ये गेला आणि काम रॉबर्ट चिझम याने १८९०मध्ये पुरं केलं. एकाच इमारतीत राजपुती झरोके, इस्लामी कमानी, युरोपी मनोरा. आणि दरबार हॉलमध्ये एकही खांब मधे येत नाही. पायाखाली व्हेनिसच्या कारागिरांची मोझॅइक फरशी, खिडक्यांना रंगीत काचा. बघायलाच हवा, वाद नाही.

पण राजवाडे सगळीकडे आहेत. बडोद्यात जे आहे ते दुसरीकडे एका जागी मिळत नाही, ते म्हणजे राजाने रयतेसाठी बांधलेलं शहर. माझ्या मते बडोदा बघायला सुरुवात आजव्यापासून करावी.

आजवा म्हणजे शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवरचा तलाव, अधिकृत नाव सयाजी सरोवर. १८९२ साली पुरा झाला. मुंबईला पाणी देणारा आपला तानसा तलावही त्याच सालचा. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या उतारानेच बडोद्यात येतं. तोवर सगळी भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर. सव्वाशे वर्षं उलटून गेली, अजून शहराच्या काही भागाला तेच पाणी मिळतं. इंग्रज सरकारने मुंबईला पाणी दिलं ते व्यापारासाठी, गिरण्यांसाठी, गोदीसाठीही दिलं. बडोद्यात गिरण्या नव्हत्या असं नाही, पण एका संस्थानिकाने राजवाड्याचं बांधकाम चालू असतानाच नळाच्या पाण्यावर एवढा पैसा घालणं ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

दुसरी जागा मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. १९१०मध्ये सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ही उभी केली आणि स्वतःचा खासगी संग्रह तिला दिला. तिथलं पुस्तकांचं दालन नीट बघा. मजल्यावर मजले लोखंडी मांडण्यांचे, आणि मांडण्यांमधल्या वाटेवर फरशी नाही, जाड काच बसवलेली आहे. वरचा उजेड काचेतून खाली झिरपतो आणि तळमजल्यावर उभं राहून पुस्तकाच्या कण्यावरचं नाव वाचता येतं. विजेवर भरवसा नव्हता आणि कागदाजवळ दिवा न्यायचा नाही, या दोन्हींवरचा तो तोडगा. आणि ही लायब्ररी शहरात बसून राहिली नाही. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव फिरवल्या जायच्या. महिना-दोन महिने पेटी एका गावात, मग पुढच्या.

पेटीतली पुस्तकं वाचणार कोण? त्याचीही तजवीज आधीच झाली होती. १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या, मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६पासून तो सगळ्या संस्थानात लागू केला, मुलग्यांना आणि मुलींनाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. सरकारने ते विधेयक पडू दिलं.

आणि हे सगळं करणारा माणूस मूळचा कुठला? मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, शेतकऱ्याचं पोर. बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षर येत नव्हतं. १८७५मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि मग शिक्षण सुरू झालं. स्वतःला उशिरा मिळालेली अक्षरं त्यांनी रयतेच्या पोरांना वेळेवर दिली, असं मी मानतो.

कीर्ती मंदिर, न्याय मंदिर, संग्रहालय यांवर जाणकारांनी लिहावं. इथे बडोद्याची मंडळी आहेत हे मला माहीत आहे.

रावपुरा

शिवडीकर, मनापासून धन्यवाद. मी लग्नानंतर बोरिवलीत आले, पण माहेर दांडिया बाजारात. आमच्याकडे अजून घरात मराठी, दुकानात गुजराती, आणि भांडणात दोन्ही.

तुम्ही तांबेकर वाडा सोडलात, तो मी लिहिते. रावपुऱ्याजवळ गल्लीत आहे. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, १८४९ ते १८५४. बाहेरून बघाल तर पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यासारखा, लाकडी कडीपाट आणि अरुंद जिने. आत वरच्या मजल्यावर गेलात की भिंतीला बोटभरही जागा मोकळी नाही. महाभारत, कृष्णलीला, आणि त्यांच्याच रांगेत लाल डगल्यांतले गोरे शिपाई आणि मराठ्यांच्या लढाया. स्त्रिया नऊवारीत, पण बसल्यात खुर्चीवर. दाराच्या फळ्यांवर, खिडकीच्या झडपांवरसुद्धा चित्रं. रंग कुठे कुठे उडालेत, पण लाल आणि हिरवा अजून ठसठशीत आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. राजवाड्यात माणसं रांग लावतात, इथे बऱ्याचदा रखवालदार आणि तुम्ही दोघंच.

न्याय मंदिर १८९६चं, हेही चिझमच्याच हातचं. आतल्या मोठ्या दालनात चिमणाबाईंचा पुतळा आहे, फेलिची या इटालियन शिल्पकाराचा. पिढ्यानपिढ्या तिथे कोर्ट भरलं. २०१८मध्ये कोर्ट नव्या इमारतीत गेलं. रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवरही चिमणाबाईंच्याच नावाचा, पहिल्या चिमणाबाई, म्हणजे तंजावरच्या लक्ष्मीबाई. त्या १८८५मध्ये तरुणपणीच गेल्या. दुसऱ्या चिमणाबाई देवासच्या. १९२७मध्ये अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. दोघींचं नाव एकच असल्याने पर्यटकांचा गोंधळ उडतो, म्हणून लिहिलं.

आणि खंडेराव मार्केट! ते बघायला जायचं तर सकाळीच, फुलवाले बसलेले असतात तेव्हा. बाहेरून राजवाडा वाटतो, आत भाजी मिळते. माझी आई अजून तिथूनच वेण्या आणते.

परळ नाका

धागा आवडला, पण शिवडीकरांनी एक जागा लिहिली नाही. माझ्या मते बडोद्यातली सर्वांत मोठी जागा तीच आहे: सयाजीबागेतली संकल्प भूमी.

बाबासाहेब आणि बडोदा ही गोष्ट परळच्याच माणसाने सांगायला हवी. बी.ए. करताना त्यांना दरमहा २५ रुपयांची मदत सयाजीरावांकडून मिळाली, ती मिळवून दिली केळुसकर गुरुजींनी. १९१३मध्ये बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. करार असा की परत येऊन संस्थानची नोकरी करायची. सप्टेंबर १९१७मध्ये ते ती करायला बडोद्यात उतरले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकलेला २६ वर्षांचा माणूस, आणि शहरात त्याला खोली मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले. पुढचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी कचेरीला निघताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. मुंबईची गाडी रात्रीची. तोवर ते कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत बसून राहिले. अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प त्यांनी तिथे केला असं मानतात, म्हणून ती संकल्प भूमी.

दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. मुंबईहूनही जातात. शहराने नळ दिले, शाळा दिल्या, पण ज्याच्या शिक्षणावर पैसा खर्च केला त्याला छप्पर दिलं नाही. बडोद्याच्या इतिहासात हे मधोमध यायला हवं, तळटिपेत नाही.

शिवडीकर

परळ नाका, तुमचा शब्दन् शब्द मान्य. ती जागा पहिल्या यादीत हवी, आणि सयाजीबागेत पोरांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत पोरांना तिथेच सांगावी.

त्यात भर घालतो. १८८०च्या दशकात सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी सरकारी शाळा काढल्या, तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक यायला तयार नव्हते. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढे आर्यसमाजी पुढे आले. म्हणजे हुकूम राजाचा, पैसा राजाचा, तरी शिक्षक वर्गात पाय ठेवत नव्हते. १९१७ला सराईच्या जिन्यावर जे झालं ते याचंच पुढचं टोक. राजाचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंत चालतो, आळीत चालत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनाही सयाजीरावांची मदत होती, आणि १९१८च्या मार्चमध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारणाची अखिल भारतीय परिषद भरली तिचे अध्यक्ष सयाजीराव. बाबासाहेबांना बडोद्यातून बाहेर पडावं लागल्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि दोन्ही सांगितलं पाहिजे.

कागदपत्र

सयाजीरावांबद्दल आदर आहेच, पण धागा फार एका माणसाभोवती फिरतोय. तो राजा झाला तो कसा, ते प्रकरण मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्या वेळी अक्षरशः रोज छापलं.

खंडेराव महाराजांनंतर गादीवर आले त्यांचे भाऊ मल्हारराव. खंडेराव म्हणजे ज्यांनी मदिनेला पाठवण्यासाठी मोत्यांचा गालिचा विणून घेतला ते, आणि ज्यांनी १८६२मध्ये डभोई ते मियागाम बैलांनी ओढायची नॅरोगेज गाडी सुरू केली तेही. मल्हाररावांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी वाढल्या. १८७४मध्ये त्यांनी दिवाण म्हणून आणलं कोणाला? आपल्या दादाभाई नौरोजींना. दादाभाईंचं रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरशी जमलं नाही आणि दरबारातल्या लोकांशीही नाही. काही महिन्यांतच ते परतले. त्याच सुमाराला फेअरच्या सरबतात विष सापडलं, सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असा आरोप.

१८७५मध्ये चौकशी आयोग बसला. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांनी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आणला. निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सभासदांनी दोष सिद्ध झाल्याचं मानलं नाही. तरी सरकारने त्यांना 'गैरकारभारा'चं कारण देऊन काढलं आणि मद्रासला नेऊन ठेवलं. मग दत्तक, मग सर टी. माधवराव दिवाण, मग सयाजीराव. इंग्रजांनी आपल्या हातचा राजा घडवायला घेतला, आणि तोच पुढे १९११च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे नीट झुकला नाही म्हणून लंडनच्या वर्तमानपत्रांनी झोडपला. हा भाग मला राजवाड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक. धारासभा, म्हणजे संस्थानचं विधिमंडळ, १९०८मध्ये निघाली, पण सत्ता महाराजांकडेच राहिली. प्रजामंडळ ही रयतेची राजकीय संघटना १९१६पासून जबाबदार राज्यपद्धती मागत होतं. महाराज वर्षावर्षाचा बराच काळ युरोपात. रयतेच्या पैशाने शाळा निघाल्या, तशी जहाजाची तिकिटंही निघाली. हेही लिहा.

शिवडीकर

लिहायलाच हवं, आणि तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. युरोपाच्या सफरींवर प्रजामंडळाची टीका रास्त होती. माझं म्हणणं एवढंच की त्या सफरींतून परत येताना ते काय घेऊन आले, तेही मोजा. ग्रंथालयाची कल्पना अमेरिकेत सुचली. संग्रहालयाची चित्रं युरोपातून आली. पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ला तयार होती, पण महायुद्धामुळे चित्रं अडकली आणि गॅलरी १९२१ला उघडली. १९३१मध्ये राज्यकारभाराचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' छापला, आठ भाषांचा. १९०४चा बालविवाह प्रतिबंधाचा कायदा, शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधीचा. हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडल्या तरी माझं माप एकाच बाजूला झुकतं.

रंगरेषा

चित्रांचा विषय निघालाच आहे तर मुंबईशी असलेले धागे जोडते.

राजा रविवर्म्याने लक्ष्मी विलाससाठी चौदा पौराणिक चित्रं काढली. ती राजवाड्यात टांगण्याआधी बडोद्यात आणि मुंबईत लोकांसाठी मांडली, आणि माणसांची झुंबड उडाली. चित्रं छापून घरोघरी न्या, असं त्याला सुचवणारे टी. माधवरावच, बडोद्याचे दिवाण. १८९४मध्ये रविवर्म्याने छापखाना काढला तो मुंबईत. आपल्या आज्यांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या वाटेने. मूळ चित्रं बघायची असतील तर राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जा. छापील लक्ष्मीची सवय झालेल्या डोळ्यांना तेलरंगातल्या साडीचा जरीकाठ जवळून बघताना वेळेचं भान राहत नाही.

कलाभवन १८९०चं. स्थापना त्रिभुवनदास गज्जर यांची, रसायनशास्त्रज्ञ. विणकाम, रंगकाम, यंत्रकाम शिकवणारी शाळा. मुंबईत चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, तो संगमरवर कोणाला साफ होईना. शेवटी केला तो याच गज्जरांनी. दादासाहेब फाळके जे.जे.नंतर कलाभवनातच शिकले. भारतीय सिनेमाच्या जनकाच्या हाताला छायाचित्रणाचं वळण बडोद्यात लागलं.

स्वातंत्र्यानंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५०मध्ये ललित कला विभाग निघाला. ना. श्री. बेंद्रे मुंबईहून तिथे गेले आणि सोळा वर्षं शिकवत राहिले. त्यांच्या हाताखालची पोरं पुढे भारतीय चित्रकलेत किती मोठी झाली ते सांगायला नको. विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट लांबूनही दिसतो, विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणावरचा.

आणि कीर्ती मंदिर चुकवू नका. १९३६चं, गायकवाड घराण्याची स्मृतिस्थळं. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीरेचं जीवन, नटीर पूजा आणि महाभारत रंगवलंय. शांतिनिकेतनाबाहेर नंदबाबूंचं एवढं मोठं भित्तिकाम सहज बघायला मिळत नाही. शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानाचा नकाशा कोरलेली पृथ्वी, ब्राँझची. मान वर करून बघा, बरेच जण तसेच बाहेर पडतात.

सुरावट

संगीताशिवाय बडोदा अपुरं आहे. मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ची, राजाश्रयाने पण सर्वसामान्य मुलांसाठी. आपल्या वाळकेश्वरच्या भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६मध्ये भरवली ती बडोद्यात, सयाजीरावांच्या पाठिंब्याने. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ हे इथले दरबारी गायक. अब्दुल करीम खाँ बडोद्यात असतानाच ताराबाई मान्यांना भेटले. दोघं बडोदा सोडून मुंबईकडे आले आणि त्यांच्या मुलांमुळे महाराष्ट्राला सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर मिळाल्या.

रावपुराताईंनी तंजावरच्या चिमणाबाईंचा उल्लेख केला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि वादकही आले. भरतनाट्यमला आज आपण ओळखतो ते नावही तेव्हा रूढ नव्हतं, आणि कावेरीकाठचा हा नाच विश्वामित्रीच्या काठी रुजला. पुढे त्याच परंपरेतले तंजोरकर विद्यापीठात नृत्य शिकवत.

मैदानी

बडोद्याच्या क्रिकेटचं नाव कोणीच घेतलं नाही! राजवाड्याच्या आवारातच मोतीबागेचं मैदान आहे.

मार्च १९४७, रणजीचा अंतिम सामना, बडोद्यात, समोर होळकर. दोन मराठी संस्थानं एकमेकांसमोर. बडोद्याचे ३ बाद ९१ असताना विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणीतला हा विक्रम जवळजवळ साठ वर्षं टिकला. २००६मध्ये संगकारा-जयवर्धनेंनी मोडला. मुंबईच्या क्रिकेटचा अभिमान मला आहेच, पण हजारे सांगलीचे, घडले आणि राहिले बडोद्यात. राजाने खेळाडूला नोकरी आणि घर दिलं की काय होतं त्याचं हे उदाहरण.

काळाचौकी

मुंबईकरांना एक गंमतशीर नव्हे, खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. बडोद्यातही 'काळा घोडा' आहे. सयाजीबागेजवळच्या चौकात, घोड्यावर बसलेले सयाजीराव. आपल्या काळ्या घोड्यावर एडवर्ड राजपुत्र होता. तो १९६५मध्ये राणीच्या बागेत गेला, आणि २०१७मध्ये नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. बडोद्याचा स्वार आपल्या जागी आहे. तो कोणी काढा म्हणत नाही, उलट जयंतीला हार पडतात. मला यातच शिवडीकरांच्या मुद्द्याचं उत्तर दिसतं.

नेरुळची

सगळं वाचून जावंसं वाटतंय. शनिवार-रविवार, सोबत सासूबाई (७०च्या पुढे) आणि दहा वर्षांची मुलगी. काय घ्यावं, काय सोडावं?

रावपुरा

नेरुळची, सकाळची शताब्दी किंवा वंदे भारत घ्या, दुपारच्या आत पोचता. सासूबाईंना जिने झेपत नसतील तर तांबेकर वाडा त्यांना दाखवू नका, तुम्ही आणि मुलगी जाऊन या. तेवढा वेळ त्या दांडिया बाजारात कोणाच्याही ओट्यावर बसल्या तर मराठीत गप्पा मारायला माणूस मिळेल.

शनिवारी दुपारी राजवाडा आणि फत्तेसिंह संग्रहालय. तिथे कानाला लावायचं यंत्र मिळतं, सासूबाईंना हळूहळू बघता येईल. सोमवारी राजवाडा बंद असतो, त्यामुळे सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. संध्याकाळी सूरसागर, तळ्याच्या मधोमध शंकराची प्रचंड मूर्ती. जेवायला सेव उसळ खा. आपल्या मिसळीची सख्खी बहीण, पण कांद्याची पात आणि वेगळी तर्री, पावासोबत.

रविवारी सकाळी खंडेराव मार्केट, मग सयाजीबाग. मुलीला संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी दाखवा, लहान मुलं तिथून हलत नाहीत. बागेतच संकल्प भूमी, परळ नाकांनी लिहिलंय ते तिला वाचून दाखवा. दुपारी कीर्ती मंदिर, आणि गाडीला वेळ असेल तर न्याय मंदिर आणि मांडवी बाहेरून. आजव्याला मात्र वेगळी गाडी करून अर्धा दिवस लागतो. या खेपेला सोडा.

पावसाळ्यात जाणार असाल तर विश्वामित्रीची बातमी बघूनच निघा. नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. ऑगस्ट २०२४च्या पुरात पाणी घरांत शिरलं होतं आणि मगरी वस्तीत आल्या होत्या. आमच्या दांडिया बाजारातलेही तेव्हा कितीतरी दिवस चिखल काढत होते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. राहायला स्टेशनच्या सयाजीगंज बाजूला घ्या, सगळं रिक्षाच्या अंतरावर आहे.

नेरुळची

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारची तिकिटं काढते. सासूबाई विचारतायत, दांडिया बाजारात जुम्मादादांची तालीम अजून आहे का? त्यांचे वडील तिथे मल्लखांब करायचे म्हणे.

रावपुरा

आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर, राजरत्न माणिकराव तिथलेच. त्यांना नक्की घेऊन जा, आणि वडिलांचं नाव तिथल्या जुन्या मंडळींना सांगायला सांगा. मला खरडवहीत फोन नंबर कळवा, माझा भाऊ तिथेच राहतो, तो सोबत येईल.